कोंबडीच्या पायातला बूट

कोंबडीच्या पायात बूट होता. पिवळाधमक, रबरी, आणि इतका गोंडस काढलेला की बघणाऱ्याला हसूच यावं. एदेल्मिराला हसू आलं नाही. तिने पान उलटलं, तर पुढच्या पानावरही बूट. त्याच्या पुढच्या पानावर कोंबडी बुटासकट कुंपणावर चढून बसलेली. पुस्तक बत्तीस पानांचं, आणि त्यातल्या अकरा पानांवर तो मेला बूट!

"बघू तरी काय आलंय ते," शेजारची ओतिलिया म्हणाली. ती अंगणात तामाल बांधत बसली होती. केळीच्या पानात भात, वाटाणे, मांस, उकडलेलं अंडं घालायचं, पुरचुंडी करायची आणि घायपाताच्या दोरीने गळा करकचून आवळायचा. चाळीस वर्षं ती हेच करत आली होती आणि रविवारी सकाळी निम्मं इबागे शहर तिच्या दारात असायचं. "अगं बोल की! तिसरं पुस्तक छापून आलं बाईचं, आणि तोंड असं, जसं काही घरात कुणी मेलंय."

"मेलीच," एदेल्मिरा म्हणाली. "आज परत एकदा मेली माझी पोर. आणि मीच मारली."

ओतिलियाचे हात जागच्या जागी थांबले. यामिलेच्या बाबतीत हा शब्द एकोणचाळीस वर्षांत एदेल्मिराने ना स्वतः उच्चारला होता, ना दुसऱ्या कुणाला उच्चारू दिला होता.

यामिले म्हणजे एदेल्मिराची एकुलती एक मुलगी. चार वर्षं सात महिन्यांची होती. एदेल्मिरा तेव्हा आर्मेरोत राहायची, शाळेचे गणवेश शिवायची. नोव्हेंबरातल्या त्या बुधवारी पोरीला आजीपाशी ठेवून ती गणवेश पोचवायला इबागेला आली. रात्री ज्वालामुखी फुटून डोंगरावरचं बर्फ वितळलं, चिखल खाली आला, आणि सकाळी गावच नव्हतं. आजीही नव्हती. पण तिसऱ्या दिवशी टीव्हीवर एका शिपायाच्या खांद्यावर चिखलाने माखलेली एक मुलगी क्षणभर दिसली, आणि एदेल्मिरा उभ्या जागी किंचाळली. आपलं लेकरू आईला ओळखू येणार नाही होय? ती धावत गेली, पण तोवर त्या शिपायाचा पत्ता नव्हता आणि पोरीचाही नव्हता. वाचलेली कितीतरी पोरं त्या गोंधळात कुणी कुणी उचलून नेली होती. काहींनी दया येऊन नेली, काहींनी आणखी कशासाठी. लिहून कोण ठेवतंय?

तेव्हापासून ती शोधत होती. छावण्या झाल्या, दवाखाने झाले, भिंतीवर फोटो चिकटवून झाले. दर नोव्हेंबरात टीव्हीवाले यायचे आणि ती त्यांना सगळं सांगायची, पोरीचे कुरळे केस, भुवईवरचा व्रण, सगळं. एकच गोष्ट तिने कधी सांगितली नाही. चिखलाच्या आधीच्या रविवारी घरची पांढरी कोंबडी निखाऱ्यावर पाय पडून भाजली होती, आणि यामिलेने आकांत करून तिच्या पायात स्वतःचा लाल मोजा घालायला लावला होता. ही खूण एदेल्मिराने राखून ठेवली. 'मी यामिले' म्हणत कुणी दारात आली की ती एवढंच विचारायची, कोंबडीच्या पायात काय होतं? दोघीजणी आल्या होत्या. त्यातली नेइव्हा शहरातली जी होती, तिला बघून एदेल्मिराच्या काळजात असं काही हललं की तिने आधी तिला जेवायला वाढलं, मग प्रश्न विचारला. "रिबीन?" ती बाई म्हणाली. बिचारी, तीही आईच शोधत होती. पुढे रक्ताच्या तपासणीनेही नाहीच सांगितलं.

बासष्टाव्या वर्षी एदेल्मिरा वाचनालयातल्या ज्येष्ठांच्या लेखनवर्गात जाऊन बसली. ओतिलियाने तेव्हा तिची यथेच्छ टर उडवली होती. पण तिथे लहान मुलांची पुस्तकं चाळता चाळता एदेल्मिराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हरवलेलं लेकरू आईची जाहिरात वाचत नाही, कारण आपण हरवलोय हेच त्याला ठाऊक नसतं. पण ते मोठं होतं, त्याला पोर होतं, आणि कधीतरी ते आपल्या पोराला मांडीवर घेऊन चित्रांचं पुस्तक उघडतं. त्या मांडीपर्यंत पोचायचं! पहिली दोन पुस्तकं तिने नुसती ओळख व्हावी म्हणून लिहिली. एक पुलाला घाबरणाऱ्या बसचं, दुसरं शिंक अडकलेल्या गाढवाचं. ती चालली, बोगोताच्या प्रकाशकांचा विश्वास बसला. मग तिने तिसरं लिहिलं, त्या कोंबडीचं, यामिलेसाठी.

मोजा पुस्तकात घातला की खूण चव्हाट्यावर येणार, हे तिला कळत नव्हतं असं नाही. म्हणूनच त्या मोज्याबद्दलची आणखी एक बारीकशी गोष्ट तिने पुस्तकातही लिहिली नाही. ओतिलियालाही सांगितली नाही. ती तेवढी पोटातच ठेवली.

आणि आता हा बूट.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती बोगोताला गेली. प्रकाशनसंस्था म्हणजे काय, पुस्तकांच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या दोन खोल्या आणि त्यात संपादक फाबिओला.

"एदेल्मिराताई! अहो, कळवायचं तरी. या, बसा, केवढा गारठा आहे बाहेर. मिळालं ना पुस्तक? काय देखणं झालंय!"

"बूट कुणी घातला?"

"आमच्या सालोमेने. हुशार आहे हो चित्रकार. तो बूट बघून तर शाळावाल्या बाई—"

"मी मोजा लिहिला होता. लाल मोजा."

फाबिओलाचा चेहरा गोंधळला. तिने कपाटातून फाइल काढली. एदेल्मिराचं हस्तलिखित तिच्या वळणदार अक्षरात होतं तसंच होतं. 'तिने आपला लाल मोजा काढून कोंबडीच्या भाजलेल्या पायात घातला.' त्या ओळीवर पेन्सिलीने रेघ मारलेली, आणि समासात फाबिओलाच्या हातचं लिहिलेलं, 'चित्रात येईल.' खाली नवीन वाक्य होतं. 'तिला एक युक्ती सुचली.'

"ताई, चित्रात जे दिसणार ते शब्दांत परत सांगायचं नाही, हे आमच्या कामातलं पहिलं पथ्य. मी तुम्हाला फोनवर वाचून दाखवलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"चित्रात येईल म्हणालात म्हणून हो म्हणाले. मला वाटलं, वा, पानभर लाल मोजा येईल."

"हो, पण..." फाबिओला अडखळली. "चित्रकाराला आम्ही कच्चं लिखाण देत नाही. सुधारलेलं तेवढंच देतो. तिच्या हाताला मोकळीक मिळावी म्हणून."

"म्हणजे मोजा चित्रात येणार म्हणून तुम्ही शब्दांतून काढलात. आणि शब्दांत नाही म्हणून तो चित्रात आला नाही."

 फाबिओलाने खोडलेली ओळ आणि खालचं वाक्य परत एकदा वाचलं आणि तिचे कान लाल झाले.

"पण ताई, छापायच्या आधी सगळी चित्रं मी तुमच्या फोनवर पाठवली होती. तुमचं उत्तर आलं, फारच सुंदर."

आलं होतं खरं. ती फाइल एदेल्मिराच्या फोनवर उघडलीच नव्हती. तिने तीनदा दाबून बघितलं, चौथ्यांदा फोन बंद पडला. उघडत नाही म्हणून कळवावं, असं मनात आलं होतं. पण लाज वाटली. म्हणतील, म्हातारीला साधं एवढं जमत नाही, पुस्तकं कसली लिहितेय. म्हणून न बघताच 'फारच सुंदर' लिहून पाठवलं.

मग तिने फाबिओलाला सगळं सांगितलं, ती एक बारीकशी गोष्ट सोडून. यामिले, शिपाई, कोंबडी, नेइव्हाची बाई. सांगताना रडली नाही; रडायचं बळच नव्हतं. रडली ती फाबिओला.

"आधी का नाही सांगितलंत हो?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझं पुस्तक छापलं नसतं, माझी कीव छापली असती. ते मला टीव्हीवर दर वर्षी मिळतंच." एदेल्मिराने तिचे हात धरले. "परत मागवा. फाबिओला, तुमच्या पाया पडते, सगळी पुस्तकं परत मागवा."

"ताई, ती गेली. खेड्यापाड्यांतल्या शाळांच्या वाचनालयांत गेली, होड्यांतून, खेचरांवरून. आता कुणाकुणाकडे मागू? एक करता येईल, वर्तमानपत्रात तुमची मुलाखत देऊ. चित्रात चूक झाली, खरा लाल मोजा होता, असं सगळं—"

"म्हणजे उद्या शंभरजणी मोजा मोजा करत येतील. मी कुणाकुणाला जेवायला वाढू?"

"मग दुसऱ्या आवृत्तीत बदलू. शब्द देते तुम्हाला."

"कधी निघेल दुसरी?"

"पहिली संपली की." फाबिओलाने मान खाली घातली. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. "दोनेक वर्षं. किंवा नाहीसुद्धा निघणार."

एदेल्मिरा सहासष्ट वर्षांची होती. तिने फाबिओलाचे हात सोडले, पिशवी उचलली आणि निघाली. 

त्यानंतरचे तीन महिने तिचे कसे गेले ते तिलाच ठाऊक. लेखनवर्ग सोडला. वाचनालयाने पुस्तकाचा कार्यक्रम ठेवला होता, तिथे ताप आल्याचं खोटं सांगितलं. पुस्तकाच्या दहा प्रती पलंगाखाली ढकलल्या, तोंड भिंतीकडे करून. एकदा चौथं पुस्तक लिहायला घेतलं. 'एक कोंबडी होती' एवढं लिहिलं आणि वही मिटली. पुन्हा तेच लिहायला कोण घेणार? एका कोंबडीवर दोन पुस्तकं कोण छापतं?

"अगं, पोरांना आवडतंय म्हणे पुस्तक," ओतिलिया कुंपणावरून म्हणायची.

"बूट आवडतोय."

"मग आवडू दे की! तुझं काय जातंय?"

"माझी पोर जातेय," एदेल्मिरा म्हणायची आणि दार लावून घ्यायची.

एके दिवशी ती ओतिलियाच्या अंगणात आली ती मुठीत काहीतरी घेऊन. तामालचं मोठं पातेलं चुलीवर रटरटत होतं. ओतिलिया काही विचारायच्या आत एदेल्मिराने मूठ चुलीत रिकामी केली. ओतिलियाने बघितलं आणि बोंब मारून हात घातला. चिमटा शोधायलाही थांबली नाही. तो एक लहानसा लाल मोजा होता. जोडीतला दुसरा. त्या बुधवारी रफू करायला त्याच रंगाची लोकर घ्यायची म्हणून एदेल्मिराने तो बरोबर घेतला होता. घरातलं तेवढंच काय ते उरलं होतं.

"अगं ए बये, डोकं फिरलं का तुझं? एकोणचाळीस वर्षं जपलास तो!"

"जळू दे. कुणाला दाखवू आता?"

"हात भाजला माझा! थोडी तरी लाज?"

"लाजच तर!" एदेल्मिरा ओरडली. "लाजेनंच घात केला. एक प्रश्न विचारायचा होता गं मला. बाई, मोजा दिसतो ना चित्रात? एवढाच. आणि फाइल उघडत नाही एवढं सांगायचं होतं. नाही सांगितलं. म्हातारी अडाणी म्हणतील म्हणून गप्प बसले. एकदा पोरीला सोडून गणवेश पोचवायला गेले आणि आता स्वतःच्या हाताने तिचा माग पुसला. मला आता कंटाळा आलाय, ओतिलिया. जगायचाच कंटाळा आलाय."

 ओतिलियाने भाजलेला हात पाण्यात बुडवला, एदेल्मिराला बळेबळे बसवलं, गुळाचं गरम पाणी पाजलं. करपलेला मोजा तिने परत दिला नाही. चुलीजवळच्या भिंतीवर एक खिळा होता, त्याला अडकवून ठेवला. "इथं राहील. तुझा भरवसा नाही," म्हणाली.

ऑक्टोबरच्या शेवटी फाबिओलाकडून जाड पाकीट आलं. शाळांतल्या मुलांनी लेखिकेला पत्रं लिहिली होती. वर फाबिओलाची चिठ्ठी होती. 'ताई, वाचवत नसतील तर वाचू नका. मीही उघडलेली नाहीत. पण ती तुमची आहेत, माझ्याकडे ठेवून घेणं बरं वाटेना.'

एदेल्मिरा पाकीट तसंच कचऱ्यात टाकणार होती. ओतिलियाने तिला अंगणात गाठलं.

"वाच."

"नाही."

"मग मी वाचते. पण माझे हात बरबटलेत आणि चष्मा सापडत नाही. म्हणजे तूच वाच. पोरांनी लिहिलंय, त्यांनी तुझं काय वाकडं केलंय?"

एदेल्मिराने वाचायला सुरुवात केली, हजेरी घेतल्यासारख्या आवाजात. पहिल्या पत्रात बूट फार आवडला होता. दुसऱ्यात पिवळा बूट काढून रंगवलेला होता. तिसऱ्यातल्या मुलाने आपल्या कोंबडीला खरोखरच बूट घातला होता आणि तिने त्यात अंडं घातलं होतं. ओतिलिया इतकी हसली की तिच्या हातातली दोरी सुटली. एदेल्मिरा हसली नाही. चौदा पत्रं, चौदा बूट. प्रत्येक पत्र वाचून ती खाली ठेवत होती आणि तिचा आवाज बारीक होत चालला होता.

"बास झालं आता," ती म्हणाली.

"एकच राहिलंय. संपव."

ते चौकटीच्या वहीच्या पानावर होतं. एदेल्मिराने वाचलं:

"लेखिकाबाईंना नमस्कार. माझं नाव दाना. मी आठ वर्षांची आहे. आमची शाळा पितालितोच्या वरच्या डोंगरात आहे, कॉफीच्या मळ्यांत. तुमचं पुस्तक मला आवडलं पण माझ्या आईला आवडलं नाही. मी ते घरी नेलं तेव्हा ती म्हणाली, बूट नाही, मोजा होता. मी म्हटलं, आई, चित्रात बूट आहे. ती म्हणाली, चित्र चुकलंय, लाल मोजा होता. तो सारखा गळून पडायचा म्हणून तामालच्या दोरीने..."

एदेल्मिरा थांबली.

"काय गं?" ओतिलिया म्हणाली. तिच्या एका हातात पुरचुंडी होती, दुसऱ्यात दोरी. "मोजा? तिला कसं कळलं मोज्याचं? त्या संपादक बाईने कुठे बोलून तर ठेवलं नाही ना?"

"मोजा नाही." एदेल्मिराने त्या ओळीवर बोट ठेवलं. "मोजा फाबिओलाला ठाऊक होता. दोरी कुणालाच ठाऊक नव्हती. मी लिहिलीच नव्हती, ओतिलिया. तुलासुद्धा सांगितली नाही. त्या रविवारी आम्ही तामाल खाल्ले होते, त्याची दोरी. पोरीने स्वतः गाठ मारली होती. माझ्याकडून घट्ट करून घेतली होती."

ओतिलियाने पुरचुंडी खाली ठेवली.  मग म्हणाली, "पितालितो म्हणजे... आठ तास बसने."

"आठ तास." एदेल्मिरा स्वतःशीच म्हणाली. "एकोणचाळीस वर्षं, आठ तासांवर."

"पुढं वाच. अजून आहे खाली."

एदेल्मिराला अक्षरं दिसत नव्हती. तिने डोळे पुसले, कागद लांब धरला, जवळ धरला, आणि वाचलं:

"...तामालच्या दोरीने बांधला होता. मी विचारलं, तुला कसं माहीत? ती म्हणाली, मला नाही माहीत, आधीपासूनच माहीत आहे. मग ती कपडे वाळत घालायला गेली आणि खूप वेळ आत आली नाही. आता रोज ती ते पुस्तक काढून बघत बसते. तिला कुणी सांगितलं ते तिला आठवत नाही. पुस्तक तुम्ही लिहिलंय म्हणून विचारते. तुम्हाला माहीत आहे का?"

"माहीत आहे," एदेल्मिरा म्हणाली, एवढ्या मोठ्याने की तामाल घ्यायला आलेली दोन माणसं फाटकातच उभी राहिली. "माहीत आहे गं बाळा, मला माहीत आहे."

ओतिलियाने लुगड्यासारख्या मोठ्या ॲप्रनला हात पुसले, चुलीजवळच्या खिळ्यावरून मोजा काढला आणि एदेल्मिराच्या पिशवीत घातला.